रापा नुईचे लोक आले कुठून? पंधरा माणसांच्या हाडांतला पुरावा

पॅसिफिक महासागरातल्या रापा नुई बेटावर रताळ्याला 'कुमारा' म्हणतात. न्यूझीलंडचे माओरीही जवळपास हाच शब्द वापरतात. आणि या बेटाच्या पूर्वेला, हजारो किलोमीटरचा समुद्र ओलांडून गेल्यावर, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात बोलल्या जाणाऱ्या केचुआ भाषेत रताळ्याच्या एका जातीचं नाव आहे 'कुमर'.

रताळं मूळचं अमेरिकेतलं. आपल्याकडे एकादशीला ते उकडून किंवा कीस करून खातात, इतकं ते घरचं झालंय. पण महाराष्ट्रात ते आलं ते पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेनं, म्हणजे कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर मात्र ते त्याच्या कितीतरी आधी पोचलं होतं. कुक बेटांमधल्या मांगाइया बेटावर एका कपारीत जळून कोळसा झालेल्या रताळ्याचे तुकडे सापडले आहेत, आणि ते युरोपीय जहाजं तिकडे फिरकण्याच्या कित्येक शतकं आधीचे आहेत. रताळ्याचं बी समुद्रातून तरंगत गेलं असेल, असं काही वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात. बी तरंगत जाईलही. पण नाव तरंगत जात नाही. नावासाठी दोन माणसं समोरासमोर उभी राहावी लागतात, एकानं बोट दाखवावं लागतं आणि दुसऱ्यानं तो शब्द उच्चारावा लागतो.

ही भेट खरोखर झाली का, कधी झाली, आणि जगातल्या सगळ्यात एकाकी बेटांपैकी एकावर राहणारे हे लोक नक्की कोण, या प्रश्नांवर गेल्या काही वर्षांत प्राचीन डीएनएनं फार मोलाचा प्रकाश टाकला आहे. हे प्रश्न शास्त्राच्या कुतूहलापुरते नव्हते. रापा नुईच्या लोकांबद्दल बाहेरच्या जगानं दोन मोठ्या गोष्टी रचल्या होत्या, आणि दोन्ही त्या लोकांना कमी लेखणाऱ्या होत्या. म्हणून हा सगळा प्रकार जरा सविस्तर समजून घेण्यासारखा आहे.

आधी बेट कुठे आहे ते पाहू. रापा नुई आज चिलीच्या ताब्यात आहे, पण चिलीचा किनारा तिथून साडेतीन हजार किलोमीटरहून लांब. पश्चिमेकडचं सगळ्यात जवळचं वस्तीचं बेट पिटकेर्न, तेही सुमारे दोन हजार किलोमीटरवर. मुंबईहून कोलकात्याला विमान जितकं अंतर कापतं त्याहून हे जास्त, आणि मध्ये फक्त पाणी. बेटाचा आकार जेमतेम 164 चौरस किलोमीटर. एवढ्याशा जमिनीवर तिथल्या लोकांनी ज्वालामुखीच्या दगडातून 900 हून अधिक अजस्र पुतळे घडवले. त्यांना 'मोआई' म्हणतात. त्यातले बरेचसे रानो राराकू नावाच्या ज्वालामुखीच्या उतारावर कोरून मग बेटभर नेलेले. 1722 साली ईस्टरच्या रविवारी याकोब रोग्गेवेन या डच दर्यावर्दीची जहाजं तिथे पोचली, म्हणून युरोपनं त्याला 'ईस्टर बेट' नाव दिलं. लोकांचं स्वतःचं नाव रापा नुई. बेटाचंही तेच, भाषेचंही तेच.

या लोकांना स्वतःचं मूळ ठाऊक होतं, हे सगळ्यात आधी सांगायला हवं. त्यांच्या परंपरेत होतू मातुआ नावाचा राजा पश्चिमेकडच्या 'हिवा' नावाच्या देशातून आपली माणसं घेऊन निघाला आणि अनाकेनाच्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर उतरला. नकाशा उघडून रापा नुईच्या वायव्येला दूर असलेल्या मार्केसस बेटांची नावं वाचा: नुकू हिवा, हिवा ओआ, फातू हिवा. भाषाही हेच सांगते. रापा नुईत एक, दोन, तीन म्हणजे 'तही, रुआ, तोरू', आणि माओरीतही तेच. 1774 साली कॅप्टन कुक तिथे गेला तेव्हा त्याच्या जहाजावर ताहितीकडचा एक तरुण होता. त्याला या बेटावरच्या लोकांचं बोलणं बऱ्यापैकी कळत होतं. हजारो किलोमीटर लांबचा माणूस येतो आणि बोलणं समजतं, याहून मोठा पुरावा काय हवा?

पण हे पुतळे या लोकांनी घडवले असतील यावर बाहेरच्यांचा विश्वास बसेना.

नॉर्वेचा टूर हेयरडाल याचं म्हणणं होतं की पॅसिफिकची बेटं पूर्वेकडून, म्हणजे दक्षिण अमेरिकेतून आलेल्या लोकांनी वसवली, आणि रापा नुईचं दगडकाम पेरूच्या संस्कृतीतून आलं. ते शक्य आहे हे दाखवायला 1947 साली त्यानं बाल्सा लाकडाचा तराफा बांधला, त्याला 'कोन-टिकी' नाव दिलं आणि पेरूच्या कायाओ बंदरातून निघून 101 दिवसांनी तो तुआमोतू द्वीपसमूहात जाऊन आदळला. धाडस म्हणून ते विलक्षणच होतं. पण तराफा वाहत जाऊ शकतो म्हणजे लोक तसेच गेले, असं सिद्ध होत नाही. पॉलिनेशियाचे, म्हणजे हवाई, न्यूझीलंड आणि रापा नुई या तीन टोकांमधल्या बेटांचे लोक दोन नावा जोडून केलेल्या मोठ्या होड्यांतून, तारे, लाटा आणि पक्ष्यांची वाट वाचत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं मुद्दाम पूर्वेकडे गेले होते. हेयरडालच्या सिद्धान्तात त्या कौशल्याला जागाच नव्हती.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त पसरली. 2005 साली आलेल्या एका गाजलेल्या इंग्रजी पुस्तकानंतर ती जगभर शाळा-कॉलेजांत शिकवली जाऊ लागली. गोष्ट अशी: बेटावर एके काळी 15 हजार किंवा त्याहूनही जास्त लोक होते. पुतळे हलवायच्या नादात त्यांनी सगळी झाडं तोडली, जमीन धुऊन गेली, उपासमार झाली, यादवी पेटली, माणसं माणसांना खाऊ लागली आणि 1600 च्या शतकात लोकसंख्या कोसळली. युरोपीय जहाजं आली तेव्हा उरले होते ते तीनेक हजार. पर्यावरणाचा नाश करणाऱ्या आजच्या जगाला इशारा म्हणून ही गोष्ट फार सोयीची होती. मीही ती पहिल्यांदा वाचली तेव्हा खरी मानली होती आणि पुढे काही जणांना सांगितलीही होती. ती एका जित्याजागत्या समाजावर ठेवलेला आरोप आहे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मरून गेलेल्या माणसाचा डीएनए वाचायचा कसा?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक प्रचंड लांब मजकूर असतो. त्याची लिपी चार अक्षरांची: ए, सी, जी, टी. पूर्ण मजकूर सुमारे 300 कोटी अक्षरांचा, आणि त्याच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. माणूस जिवंत असतो तोवर पेशी या मजकुराची सतत डागडुजी करत राहते. मृत्यूनंतर डागडुजी थांबते. पाणी, उष्णता आणि जिवाणू मिळून तो मजकूर फाडत जातात. काही शे वर्षांनी हाडात उरतात ते साधारण पन्नास-साठ अक्षरांचे कपटे, आणि त्यात मातीतल्या जिवाणूंच्या डीएनएचे कपटे मिसळलेले. वाळवी लागलेल्या पोथीची पानं वाऱ्यावर उधळली गेली आणि शेजारच्या दुकानातल्या वह्यांचे कागद त्यात मिसळले, असा तो पसारा.

म्हणून शास्त्रज्ञ हाडही निवडून घेतात. दातांची मुळं, आणि कानाच्या आतल्या भागाला वेढणारं कवटीचं एक दगडासारखं घट्ट हाड, या दोन ठिकाणी डीएनए सगळ्यात जास्त टिकतो. नखाएवढी पूड पुरते. हे काम अंगभर झाकणारे कपडे घालून, अतिनील प्रकाशानं निर्जंतुक केलेल्या खोलीत करतात, कारण संशोधकाच्या एका शिंकेतला ताजा डीएनए जुन्या डीएनएला बुडवून टाकू शकतो.

मग वाचलेला कपटा जुनाच आहे, कालच्या शिंकेतला नाही, हे कळतं कसं? याचं उत्तर मला या शास्त्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. काळाच्या ओघात कपट्यांच्या टोकांना 'सी' हे अक्षर बिघडतं आणि यंत्र ते 'टी' म्हणून वाचतं. ताज्या डीएनएत असं होत नाही. म्हणजे ज्या झिजेमुळे वाचन अवघड होतं, तीच झीज खरेपणाचा शिक्का ठरते. जुन्या तांब्याच्या नाण्यावरचा हिरवट थर जाणकाराला सांगतो तसंच. या शास्त्राचा पाया घालणाऱ्या स्वांते पेबो यांना 2022 साली नोबेल पारितोषिक मिळालं.

उष्ण हवामान हा या कामाचा मोठा शत्रू. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी हरियाणातल्या राखीगढीला उत्खनन केलं. तिथल्या साठाहून अधिक नमुन्यांतून अभ्यासाला पुरेल इतका डीएनए मिळाला तो एकाच बाईच्या सांगाड्यातून, आणि तो अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. पॅसिफिकच्या बेटांवरही हीच अडचण. त्यामुळे तिथून पंधरा माणसांचे चांगले वाचता येणारे जनुकसंच, म्हणजे डीएनएचे पूर्ण मजकूर, मिळणं ही लहानसहान गोष्ट नव्हती.

ही पंधरा माणसं पॅरिसमध्ये होती. आल्फाँस पिनार या फ्रेंच प्रवाशानं 1877 साली आणि आल्फ्रेड मेत्रो या मानववंशशास्त्रज्ञानं 1934-35 च्या मोहिमेत बेटावरून नेलेले हे मानवी अवशेष तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेले होते. कोपनहेगनचे विक्टर मोरेनो-मायर, लोझानच्या आना-साफो मालास्पिनास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास करून सप्टेंबर 2024 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. कार्बन कालमापनानुसार ही माणसं 1670 ते 1950 या काळातली.

आजच्या रापा नुईच्या लोकांचा डीएनए का नाही वापरला, असा प्रश्न इथे पडेल. तो वापरलाही गेला. मोरेनो-मायर यांनीच 2014 साली आजच्या 27 रहिवाशांचा अभ्यास केला होता. पण आजचे लोक चिली आणि युरोपातून आलेल्यांशी सोयरिकी झाल्यानंतरचे आहेत, आणि चिलीतल्या बहुतेकांच्या रक्तात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा अंश असतोच. मग बेटावरच्या माणसात तो अंश दिसला तर तो सातशे वर्षांपूर्वीचा की आजोबांच्या पिढीतला, हा वाद उरतो. शिवाय एकोणिसाव्या शतकात या समाजावर असं काही कोसळलं की आजचे सगळे मूठभर माणसांचे वंशज आहेत. त्याआधीचं चित्र पाहायचं तर त्याआधीच्या माणसांनाच विचारायला हवं.

पहिलं उत्तर मुळाबद्दलचं. या पंधरा जणांच्या वंशाचा सुमारे नव्वद टक्के भाग पॉलिनेशियाचा निघाला. म्हणजे हिवाहून आलेल्या होतू मातुआची परंपरा सांगत होती ते बरोबर होतं, आणि हेयरडालचं चुकलं होतं. मागचा प्रवासही आता बऱ्यापैकी उलगडला आहे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तैवानकडून निघालेल्या लोकांचे वंशज तीन हजार वर्षांपूर्वी टोंगा आणि सामोआपर्यंत पोचले. वाटेत न्यू गिनीकडच्या लोकांशी त्यांचे संबंध जुळले, म्हणून आजच्या पॉलिनेशियन माणसात साधारण पाव हिस्सा तिकडचा असतो. मग हजार-दीड हजार वर्षं पूर्वेकडची वाटचाल थांबली, आणि नंतर एकदम दोन-तीन शतकांतच ताहिती, मार्केसस, हवाई, न्यूझीलंड आणि रापा नुई अशी सगळी टोकं गाठली गेली. रापा नुईवर वस्ती झाली ती इसवी सन 1200 च्या आसपास. आपल्याकडे तेव्हा देवगिरीला यादवांचं राज्य होतं.

भावकीचा हिशेब

दुसरं उत्तर लोकसंख्येच्या कोसळण्याबद्दलचं, आणि ते कसं मिळतं हे समजून घेताना मला स्वतःला बराच वेळ लागला. म्हणून ते सावकाश सांगतो.

डोंगरातलं एखादं लहानसं गाव डोळ्यांपुढे आणा. घरं वीस. पिढ्यान् पिढ्या लग्नं या वीस घरांतच होतात. चार-पाच पिढ्यांनी त्या गावात जन्मलेल्या मुलाच्या आईचे आणि वडिलांचे पूर्वज मागे जाता जाता एकाच आजा-पणजापाशी येऊन मिळतात. मग त्या पणज्याच्या डीएनएचा एकच तुकडा त्या मुलाकडे दोन्ही बाजूंनी येतो. त्याच्या दोन प्रती ताडून पाहिल्या तर काही ठिकाणी लांबच लांब मजकूर अक्षर न् अक्षर सारखा निघतो. उलट मोठ्या शहरात, जिथे नवरा-बायकोचे पूर्वज कुठेच जुळत नाहीत, तिथे असे सारखे पट्टे फार थोडे.

म्हणजे एकाच माणसाच्या दोन प्रतींत असे पट्टे किती आहेत, यावरून त्याचे पूर्वज किती लोकांच्या समाजात राहत होते हे कळतं. आणि पट्ट्यांच्या लांबीवरून हे कधी घडलं ते कळतं. सामाईक पूर्वज अलीकडचा असेल तर पट्टा लांब, कारण तो कापला जायला वेळच मिळालेला नाही. पूर्वज जुना असेल तर पट्टा आखूड. एका माणसाच्या जनुकसंचात असे पट्टे ठिकठिकाणी असतात आणि प्रत्येक पट्टा वेगवेगळ्या पूर्वजाची आठवण धरून असतो. त्यामुळे पंधराच माणसं असली तरी साक्षीदार हजारोंनी असतात.

आता 1600 च्या शतकात 15 हजारांचे तीन हजार झाले असते, तर त्यानंतरच्या दोन शतकांत जगलेल्या या माणसांच्या डीएनएत नेमक्या त्या काळाशी जुळणाऱ्या लांबीच्या पट्ट्यांची गर्दी दिसायला हवी होती. संशोधकांनी संगणकावर दोन्ही गोष्टी घडवून पाहिल्या: एक कोसळण्याची, एक न कोसळण्याची. प्रत्यक्ष डीएनए कोसळण्याच्या गोष्टीशी जुळेना. तो जे दाखवत होता ते असं: सुरुवातीला फार थोडी माणसं, म्हणजे बेटावर पहिल्यांदा उतरलेल्या होड्यांमधली, आणि त्यानंतर लोकसंख्या हळूहळू वाढतच गेलेली, थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत.

याचा अर्थ बेटावर काहीच वाईट घडलं नाही असा घेऊ नये. झाडं गेली हे खरंच आहे. बेटावर ताडाच्या जातीच्या झाडांचं मोठं रान होतं आणि माणसं आल्यावर काही शतकांत ते नाहीसं झालं. त्यात कुऱ्हाड होती, आग होती, आणि होड्यांतून सोबत आलेले उंदीरही होते; ते झाडांची फळं कुरतडायचे, त्यामुळे नवी रोपं उगवायची थांबली. पण रान गेलं म्हणून लोक मेले, ही पुढची उडी पुराव्याशिवाय मारलेली होती. झाडं गेल्यावर त्यांनी शेतीची पद्धत बदलली. शेतात फोडलेले दगड पसरायचे आणि मातीत मिसळायचे. त्यामुळे वारा अडतो, ओल टिकते, रात्रीचा गारवा कमी लागतो, आणि खनिजं मिळून कसही वाढतो. अशा दगडी शेतांत ते मुख्यतः रताळी लावत. 2024 सालीच उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात अशी शेतं एक चौरस किलोमीटरहूनही कमी भरली, आधी धरली होती त्याच्या कितीतरी कमी. त्यावर तीन हजारांच्या आसपास लोक पोसले जातील. म्हणजे रोग्गेवेनला दिसलेली तीनेक हजार माणसं हा विनाशातून उरलेला गाळ नव्हता. बेटाची लोकसंख्या मुळातच तेवढी होती. यादवीचा पुरावा म्हणून दाखवली जाणारी काचेसारख्या काळ्या दगडाची पाती, 'माताआ', हीदेखील तपासली तेव्हा भाल्याच्या टोकांपेक्षा रोजच्या कापण्या-खरवडण्याच्या हत्यारांसारखी निघाली.

'पंधरा हजार' हा आकडा मुळात आला कुठून, हा प्रश्न मला राहून राहून पडतो. एवढे पुतळे उभारायचे तर एवढी माणसं लागलीच असतील, असा तो उलटा हिशेब होता. थोड्या माणसांनी, पिढ्यान् पिढ्या, समजून उमजून हे केलं असेल, ही शक्यता धरलीच नव्हती.

लाल दोरी, निळी दोरी

आता उरलेल्या दहा टक्क्यांकडे येऊ. या पंधरा जणांच्या वंशाचा सुमारे दहा टक्के भाग अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा आहे. तो 1722 नंतर आला असेल का? पेरूला गुलाम म्हणून धरून नेलेल्या आणि परत आलेल्या लोकांमुळे (ती हकिगत पुढे येईल) 1863 नंतर आला असेल का? इथे तारीख काढायची दुसरी युक्ती कामी येते.

समजा लाल दोरी म्हणजे अमेरिकेतल्या माणसाचं गुणसूत्र, म्हणजे डीएनएचा एक लांब धागा, आणि निळी म्हणजे पॉलिनेशियाच्या माणसाचं. त्यांच्या मुलाकडे एक अख्खी लाल आणि एक अख्खी निळी दोरी असते. हे मूल जेव्हा स्वतः आई किंवा बाप होतं, तेव्हा दोन्ही दोऱ्या शेजारी ठेवून एखाद-दोन ठिकाणी कापल्या जातात, तुकड्यांची अदलाबदल होते, आणि ती जोडदोरी पुढच्या पिढीला मिळते. त्या दोरीत लाल भाग अजून लांबलचक असतो. पुढच्या पिढीत ती पुन्हा निळीशेजारी येते, पुन्हा कापली जाते. प्रत्येक पिढीगणिक लाल तुकडे आखूड होत जातात आणि इकडेतिकडे विखुरतात. तुकड्यांची सरासरी लांबी मोजली की किती पिढ्या उलटल्या ते सांगता येतं, झाडाची वर्तुळं मोजून वय सांगावं तसं.

या पंधरा जणांमधले लाल तुकडे फारच आखूड निघाले. हिशेब मांडला तेव्हा ही भेट इसवी सन 1250 ते 1430 च्या दरम्यानची ठरली. कोलंबस अमेरिकेला पोचायच्या आधीची, आणि रोग्गेवेनच्या तर तीन शतकं आधीची.

प्रत्येक अभ्यास एकाच दिशेनं गेला असं मात्र नाही. 2017 साली पाच प्राचीन माणसांच्या डीएनएत अमेरिकेचा काहीच अंश सापडला नव्हता. पण तिथे वाचता आलेले कपटे फार थोडे होते. 2020 साली पॅसिफिकची बेटं आणि अमेरिकेचा किनारा इथल्या आजच्या 807 लोकांच्या अभ्यासातून असं दिसलं की ही भेट 1200 च्या आसपास पूर्व पॉलिनेशियात कुठेतरी झाली, आणि तिच्या खुणा मार्केससमध्येही आहेत. त्या अभ्यासात अमेरिकेकडचा अंश आजच्या कोलंबियातल्या झेनू लोकांशी सगळ्यात जवळचा निघाला. तेव्हा भेट रापा नुईवर वस्ती होण्याआधी झाली की नंतर, यावर तज्ज्ञांमध्ये अजून चर्चा चालू आहे. पण भेट झाली, यावर आता फारसा वाद राहिलेला नाही.

आणि गेलं कोण? ज्यांनी आधीच अर्धा महासागर पार केला होता, ज्यांच्याकडे लांब पल्ल्याच्या होड्या होत्या आणि वाऱ्याविरुद्ध जाऊन परत यायची विद्या होती, ते पॉलिनेशियाचे लोक अमेरिकेपर्यंत जाऊन, रताळी आणि त्यांचं नाव घेऊन परत आले, हेच मला सगळ्यात संभवनीय वाटतं. हेयरडालला दोन टोकांमध्ये नातं आहे हे जाणवलं होतं; त्यानं प्रवासाची दिशा आणि प्रवासी मात्र चुकीचे धरले.

मग समाज कोसळला तो कधी?

डिसेंबर 1862 मध्ये पेरूहून गुलाम धरणाऱ्यांची जहाजं रापा नुईला आली. पुढच्या काही महिन्यांत सुमारे 1,500 माणसं पकडून नेली गेली. त्यात राजा होता, त्याचा मुलगा होता, आणि 'रोंगोरोंगो' ही बेटाची लाकडी फळ्यांवर कोरलेली लिपी वाचू शकणारे जाणकारही होते. बहुतेक जण पेरूत कष्टानं आणि रोगानं मेले. बाहेरून ओरड झाल्यावर काहींना परत पाठवलं, तर वाटेतच बहुतेक दगावले. जिवंत परतले ते पंधराएक जण, आणि त्यांच्यासोबत देवी आल्या. या रोगाची कसलीच प्रतिकारशक्ती नसलेल्या बेटावर त्यांनी घरंच्या घरं रिकामी केली. मागोमाग क्षयाची साथ आली, आणि उरलेल्यांतले कित्येक ताहिती आणि मांगारेव्हाला नेले गेले. 1877 साली बेटावर 110 च्या आसपास माणसं उरली होती. त्यांच्यातल्या 36 जणांचाच वंश पुढे चालला असं मानलं जातं. रोंगोरोंगो आजही कुणाला वाचता येत नाही, कारण शिकवणारे सगळे एकाच दशकात गेले.

याच्या तारखा आहेत, जहाजांच्या नोंदी आहेत, पाहिलेल्यांची पत्रं आहेत. हे अंदाजावर उभं नाही. तरीही जगाच्या तोंडी बसली ती झाडं तोडून स्वतःचाच नाश करून घेणाऱ्या लोकांची गोष्ट. मला याचं वाईट वाटतं. 1888 साली चिलीनं बेट आपल्याला जोडलं. नंतर बहुतेक जमीन मेंढपाळीच्या कंपनीकडे गेली आणि लोकांना हांगा रोआ या एकाच वस्तीत कोंडून ठेवलं गेलं. त्यांना पूर्ण नागरिकत्व मिळालं 1966 मध्ये.

पिनार बेटावर गेला ते सालही 1877 च. त्यानं ती 110 माणसं मोजली आणि त्यांच्या पूर्वजांची हाडं पेट्यांत भरून नेली. जिवंत उरलेल्यांना विचारून नेली असतील असं मानायला काही आधार नाही. 2024 च्या अभ्यासात मात्र संशोधक आधी बेटावर गेले, तिथल्या लोकांसमोर आणि वारशाची देखभाल करणाऱ्या समितीसमोर त्यांनी आपलं काम मांडलं, लोकांना काय जाणून घ्यायचं आहे ते विचारलं.

रापा नुईच्या लोकांचा आपल्या पूर्वजांना घरी आणायचा स्वतःचा एक कार्यक्रम आहे: 'का हाका होकी माई ते माना तुपुना'. 'तुपुना' म्हणजे पूर्वज, आणि 'माना' म्हणजे त्यांच्यात वास करणारी शक्ती. 2018 साली बेटाचे प्रतिनिधी लंडनला गेले आणि 1868 मध्ये ब्रिटिश जहाजानं उचलून नेलेला 'होआ हाकानानाइआ' हा मोआई परत मागितला. हेयरडालनं नेलेल्या वस्तू आणि मानवी अवशेष परत करण्याचा करार 2019 मध्ये नॉर्वेनं केला.

पॅरिसच्या त्या पंधरा जणांच्या बाबतीत एक अडचण असते ती अशी, की शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या संग्रहालयांच्या नोंदी कच्च्या. एखाद्या कवटीवर लिहिलेलं बेटाचं नाव खरं की खोटं, हे सांगणं अवघड. संशोधकांनी त्यांचा डीएनए जगभरच्या लोकांशी ताडून पाहिला. तो सगळ्यात जवळ जुळला तो आज हांगा रोआमध्ये राहणाऱ्या रापा नुईच्या लोकांशी.